सरकार बोलते तेव्हा शेजारी ऐकत असतो

औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाण्यातल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला शहरात कुणी पूर्ण नावाने ओळखत नाही. रिक्षावाल्याला ‘मिनी घाटी’ म्हटले की पुरते. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीच्या शेडी, मधून जालना रोड आणि आत वळले की हे रुग्णालय. २०२० च्या मार्चनंतर, कोरोनाच्या साथीत, कितीतरी महिने या इमारतीचे नाव रोज संध्याकाळी घरोघर पोहोचत होते, प्रशासनाच्या प्रेस नोटमधून. आज स्वॅब किती घेतले, पॉझिटिव्ह किती आले, मिनी घाटीत किती दाखल, घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किती दगावले. त्याखाली वसाहतींची यादी असे. नूर कॉलनी, आसेफिया कॉलनी, किलेअर्क, भीमनगर, संजयनगर, पुंडलिकनगर आणि प्रत्येक नावापुढे कंसात आकडा. नोट निघायची आणि काही मिनिटांत सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायची.

परक्या माणसाला ही पत्त्यांची यादी वाटेल. इथल्या माणसाला ती तशी वाटत नव्हती. या शहरात मोहल्ल्याचे नाव सांगितले की माणसाचा धर्म, पुष्कळदा जातही, सांगून होते. २०११ च्या जनगणनेत शहरात हिंदू सुमारे ५१ टक्के, मुस्लिम ३१ आणि बौद्ध १५ टक्के होते. मुस्लिम आणि बौद्ध हे दोन्ही समाज केंद्र सरकारने १९९३ मध्ये अधिसूचित केलेल्या अल्पसंख्याकांत येतात. म्हणजे जवळजवळ अर्धे शहर कायद्याच्या भाषेत अल्पसंख्याक आहे आणि बहुतेक जण आपापल्या वस्तीत राहतात. अशा ठिकाणी वसाहतनिहाय आकडे वाचणारा माणूस आजार मोजता मोजता समाज मोजू लागतो. ‘बघा, आज पुन्हा तिकडेच’, हे ‘तिकडे’ त्या दिवसांत ज्याने ऐकले नाही असा इथला माणूस मिळणे कठीण.

ज्या कर्मचाऱ्यांनी ती यादी केली त्यांच्या हेतूवर मला बोट ठेवायचे नाही. रस्ता कुठे बंद करायचा, घरोघर तपासणी कुठे करायची यासाठी अशी यादी लागतेच. पीपीई किटमध्ये घामाने निथळत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या परिचारिकेने खाटेवरच्या माणसाचे आडनाव पाहून सलाईन लावले नाही. मला सांगायचे आहे ते वेगळे. सरकारी कागदाला आपल्याकडे वजन असते. तो कागद कामापुरता लिहिलेला असतो, पण त्यातून शेजाऱ्याकडे कसे पाहायचे तेही लोक शिकतात. अल्पसंख्याकांच्या हक्कांबद्दल समाजाचे मत कसे बनते असे विचारले की आपण नेत्यांची भाषणे, सिनेमे, वाहिन्या यांच्याकडे बोट दाखवतो. त्यांचा वाटा आहेच. पण दवाखाना, ठाणे, तहसील, विधिमंडळ, न्यायालय या संस्था रोज जे बोलतात, ज्या क्रमाने बोलतात आणि जिथे गप्प बसतात, त्याचा हिशेब आपण फारसा मांडत नाही. चिकलठाण्यापासून शहरात येणाऱ्या या एका रस्त्यावर तो मांडता येतो, कारण उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठही याच जालना रोडवर आहे.

२०२० चा क्रम आठवून पाहू. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधली तबलिगी जमातची गर्दी मार्चअखेर उघडकीला आली. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत मरकजशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जाऊ लागला. १८ एप्रिलला सांगण्यात आले की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, या एका कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. आकडा खोटा नव्हता. पण त्या कार्यक्रमाला गेलेल्यांचा आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा देशभर शोध घेऊन त्यांच्या चाचण्या होत होत्या. इतरांच्या तितक्या होत नव्हत्या. जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडेल, ही साधी गोष्ट आकड्यासोबत कुणी ठळकपणे सांगितली नाही. याच मंत्रालयाने ८ एप्रिलला एक सूचनापत्रक काढले होते. कोणत्याही समाजाला किंवा भागाला साथीबद्दल दोषी धरू नका, शिक्का मारू नका, असे त्यात होते. पत्रक चांगले होते. ते एकदाच निघाले. आकडा मात्र पुन्हा पुन्हा सांगितला गेला.

मग देशाच्या निरनिराळ्या भागांतून बातम्या येऊ लागल्या. भाजीवाल्याला नाव विचारले जाते, आधार कार्ड दाखव म्हणतात, गल्लीत शिरू देत नाहीत. हातगाडी ढकलणाऱ्या माणसाचा मरकजशी काय संबंध, हे विचारायला कुणी थांबले नाही. त्याला अडवणाऱ्याजवळ एक उत्तर तयार होते: आम्ही मनाचे सांगत नाही, सरकारनेच सांगितले आहे.

पुढे खंडपीठाची पाळी आली. अहमदनगर जिल्ह्यात पोलिसांनी २९ परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल केले होते. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतली ही माणसे. टाळेबंदीत ती मशिदींमध्ये अडकली होती. व्हिसाच्या अटी मोडल्या, साथरोग कायदा मोडला, संसर्ग पसरवला असे आरोप होते. त्यांना आसरा देणाऱ्या मशिदींच्या विश्वस्तांवरही गुन्हे होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्या खंडपीठाने हे गुन्हे रद्द केले. ५८ पानांच्या त्या निकालात म्हटले आहे की धार्मिक स्थळांना भेट द्यायला व्हिसाची आडकाठी नव्हती, या लोकांनी संसर्ग पसरवल्याचा पुरावा समोर नाही आणि साथीच्या काळात राजकीय सरकार बळीचा बकरा शोधते. इथे तो या परदेशी पाहुण्यांच्या रूपाने शोधला गेला असण्याची शक्यता दिसते. वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून झालेल्या प्रचारावरही न्यायालयाने कडक शब्दांत लिहिले. ‘अतिथी देवो भव’ची आठवणही करून दिली. न्या. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्याला संमती दिली, मात्र सहकारी न्यायमूर्तींच्या काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही हे स्वतंत्रपणे नोंदवले. ही नोंद मला महत्त्वाची वाटते. सरकारच्या हेतूबद्दल दोन न्यायमूर्तींचे मत एक नव्हते, पण पुरावा नाही आणि माणसे सोडली पाहिजेत, यावर दोघांत दुमत नव्हते.

पुढे नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला. डिसेंबरमध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ३६ परदेशी नागरिकांना निर्दोष सोडले. दिल्लीतल्या ७० भारतीयांवरची, परदेशी पाहुण्यांना आसरा दिल्याबद्दलची आरोपपत्रे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली ती थेट जुलै २०२५ मध्ये. पाच वर्षांनी.

आता हिशेब करा. आरोप रोज संध्याकाळी, मराठीत आणि हिंदीत, तक्त्यांसह, घरात येऊन बसला. निकाल इंग्रजीत, एकदाच, पाच महिन्यांनी आला आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून संपला. ज्याने एप्रिलमध्ये भाजीवाल्याला हाकलले, त्याच्या दारात ऑगस्टमध्ये कुणी निकाल घेऊन गेले नाही. मंत्रालयाने पत्रकार परिषद घेऊन सांगितले नाही, की आम्ही ज्यांना मोजत होतो त्यांच्यावरचे गुन्हे न्यायालयात टिकले नाहीत. ज्या शहरात हा निकाल लिहिला गेला, तिथल्या शाळा-कॉलेजांतही तो कुणी वाचून दाखवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांचाच त्याच वर्षीचा आणखी एक निकाल आहे, १३ फेब्रुवारी २०२० चा. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात नागरिकत्व कायद्याविरुद्ध जुन्या ईदगाह मैदानावर बेमुदत धरणे धरायचे होते. अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशाचा आधार घेऊन पोलिसांनी परवानगी नाकारली. न्यायालयाने हा नकार रद्द ठरवला. शांततेने एखाद्या कायद्याला विरोध करणाऱ्यांना गद्दार किंवा देशविरोधी म्हणता येणार नाही, असे स्पष्टपणे लिहिले. त्यापुढे न्यायालयाने म्हटले की ज्या अधिकाऱ्यांच्या हाती कायद्याने अधिकार दिले आहेत त्यांना मानवी हक्कांचे योग्य प्रशिक्षण देऊन संवेदनशील केले पाहिजे. निकालाचा हा भाग बातम्यांत मागे पडला. मला मात्र सगळ्या निकालात तोच सर्वांत कामाचा वाटतो, कारण लोकांची गाठ न्यायमूर्तींशी पडत नाही. ती पडते ठाणे अंमलदाराशी, तलाठ्याशी, केसपेपर काढणाऱ्या कारकुनाशी. परवानगीचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला अंमलदार खुर्ची देतो की दारात उभे ठेवतो, हे रांगेतली बाकीची माणसे पाहत असतात. हक्क कुणाला आणि किती, याचे पहिले शिक्षण तिथे मिळते.

संस्थेच्या शब्दाचा परिणाम नेमका कुठे होतो, यावर परदेशात एक नेमका अभ्यास झाला आहे. जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. मार्गारेट टँकार्ड आणि एलिझाबेथ पलक या दोन मानसशास्त्रज्ञांनी निकालाच्या आधी आणि नंतर लोकांची मते तपासली. २०१७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लोकांचे स्वतःचे मत निकालाने बदललेले दिसले नाही. बदलला तो इतरांबद्दलचा अंदाज. ‘बाकीच्या लोकांना हे मान्य आहे’ असे वाटणाऱ्यांचे प्रमाण वाढले. आपल्याकडच्या दोन्ही बाजूंच्या अनुभवाला हे लागू पडते. सरकारने एखाद्या समाजाला वेगळे मोजले की मनात आधीच आकस असलेल्याला वाटते, सगळे माझ्यासारखाच विचार करतात. आणि ज्याच्या मनात आकस नाही तो गप्प बसतो, कारण त्यालाही तसेच वाटते.

मराठवाड्याने हे फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे या शहरात महाविद्यालय सुरू केले, पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले त्यानंतर, १९५८ मध्ये. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची दारे उघडण्यात बाबासाहेबांचा एवढा वाटा, तिथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव द्यावे ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरू लागली. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला आणि मराठवाडा पेटला. तेव्हाच्या पाच जिल्ह्यांत गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली, धान्य जाळले, विहिरी नासवल्या, माणसे मारली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. त्यांचे नाव आजही दरवर्षी घेतले जाते. सरकारने ठराव थांबवला.

इथे एक प्रश्न मला वर्षानुवर्षे टोचत आला आहे. ठराव योग्य होता. मग त्याच्यामागे उभी राहायला हवी होती ती यंत्रणा कुठे होती? मुंबईत हात वर झाले, पण जिल्हाधिकाऱ्यांपासून पोलीस पाटलापर्यंत कुणी गावाला समजावून सांगितले नाही, की हा ठराव का आहे. विद्यापीठाचे नाव म्हणजे प्रदेशाची अस्मिता, असे म्हणणारे गावोगाव बोलत होते. निजामाविरुद्ध लढलेले गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे आदरणीय नेतेही नामांतराच्या विरोधात होते. दुसरी बाजू सरकारने मांडायची होती. ती मांडली गेली नाही. हिंसा झाल्यावर ठराव थांबवून सरकारने आणखी मोठी चूक केली. जाळणाऱ्याला कळले की जाळल्याने ठराव थांबतो, आणि ज्याचे घर जळले त्याला कळले की विधिमंडळाच्या शब्दाला आपल्या वस्तीत किंमत नाही. संस्थेने एकमताने बोलून मग माघार घेतली की दोन्हीकडे चुकीचा धडा जातो. मुळात काही न बोलण्यापेक्षा हे वाईट.

पुढची सोळा वर्षे आंदोलनात गेली. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. कितीतरी जण तुरुंगात गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी, पुन्हा शरद पवार मुख्यमंत्री असताना, विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. जुने नाव काढले नाही, वाढवले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळे विद्यापीठ स्थापन झाले. आधी चर्चा झाल्या, बंदोबस्त लागला, आणि या वेळी सरकार मागे हटणार नाही हे सगळ्यांना दिसले. काही ठिकाणी हिंसा झालीच. पण १९७८ सारखा वणवा पेटला नाही.

आज चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जाऊन बघा. खेड्यापाड्यांतून एसटीने, टेम्पोने माणसे आलेली असतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या गेटपुढे हात जोडतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल असतात आणि पोरे घासाघीस करून संविधानाची प्रत, चरित्र, स्पर्धा परीक्षेचे गाइड असे सगळे एकाच पिशवीत घालून नेतात. दरवर्षी हजारो मुले पदवीवर ते नाव घेऊन बाहेर पडतात. त्यात ज्यांच्या आजोबांनी नामांतराला विरोध केला अशा घरांतलीही आहेत. अर्ज भरताना, बायोडाटा लिहिताना ती हे नाव सहज लिहितात. वाद मनातून पूर्ण गेला असे म्हणणार नाही, पण त्या नावावरून आता गाव पेटत नाही. ठाम राहिलेल्या संस्थेने हे घडवले, वाट बघत बसल्याने घडले नाही.

शहराच्या नावाचा इतिहास मात्र वेगळ्या वळणाने गेला. १९८८ पासून मागणी, १९९५ ची अधिसूचना, न्यायालय, २००१ मध्ये माघार, मग २०२२ चे मंत्रिमंडळाचे निर्णय आणि २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मंजुरी, हा पट सर्वांना ठाऊक आहे. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. कायद्याच्या बाजूने प्रश्न तिथे मिटला आणि छत्रपती संभाजी महाराजांबद्दलचा आदर हा वादाचा विषय नाही. मला आठवतो तो मार्च २०२३ मधला विभागीय आयुक्त कार्यालयाचा परिसर. २७ मार्चपर्यंत नामांतराबद्दल आक्षेप आणि सूचना द्यायच्या होत्या. बाजूने आणि विरोधात छापील अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे, लाखोंच्या संख्येने, येऊन पडत होते. एका शहरातल्या शेजाऱ्यांना सरकारने होय किंवा नाही अशा दोन ढिगांत उभे केले. त्यांना एकत्र बसवून एकमेकांचे म्हणणे ऐकवणारी एकही सरकारी बैठक झालेली मला आठवत नाही. मुदत संपल्यानंतर दोन दिवसांनी, रामनवमीच्या आदल्या रात्री, किराडपुऱ्यात दंगल झाली. त्या दोन्ही गोष्टींत कार्यकारण जोडायला माझ्याजवळ आधार नाही, म्हणून जोडत नाही. पण महिनाभर ढीग मोजणाऱ्या शहराचे मन त्या रात्री कसे होते, ते मी पाहिले आहे.

संस्था चांगलेही घडवू शकते याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण भिवंडीचे आहे. १९७० आणि १९८४ या दोन भीषण दंगली या गावाने पाहिल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी सत्तर मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान एकत्र, सोबत त्या भागाचा पोलीस, आणि बैठक नियमित. विषय दंगलीचा असेच असे नाही. नळाचे पाणी, दारूचा गुत्ता, भाडेकरूची तक्रार. पोलीस ठाण्यात दोन्ही समाजांची माणसे एकाच बाकावर बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मेली. पन्नासेक किलोमीटरवरच्या भिवंडीत दंगल झाली नाही. त्यासाठी नवा कायदा झाला नव्हता. ठाण्याची रोजची वागणूक बदलली होती.

हे सगळे चिकलठाण्याला लागू करता येते, आणि खर्च फार नाही. साथ पुन्हा येईल, तेव्हा वसाहतींची यादी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातात असावी. लोकांसाठीच्या प्रेस नोटमध्ये महापालिकेचे झोन पुरेत. एखाद्या समाजाचा आकडा वेगळा सांगायचाच असेल, तर त्यांच्या चाचण्या किती झाल्या तेही त्याच वाक्यात सांगावे. न्यायालयात गुन्हा टिकला नाही, तर ज्या कार्यालयाने तो जाहीर केला त्यानेच, तेवढ्याच ठळकपणे, मराठीत तसे जाहीर करावे. उच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवाद आता मिळू लागले आहेत. २०२० चे हे दोन निकाल जिल्ह्याच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि कॉलेजच्या ग्रंथालयात मराठीत असलेच पाहिजेत. माजलगावच्या निकालात सांगितलेले प्रशिक्षण हा अधिकाऱ्यांवर उपकार नाही, ते त्यांच्या कामाचे हत्यार आहे.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांत शिक्षक, तलाठी, परिचारिका, ग्रामसेवक, पोलीस, लिपिक मोठ्या संख्येने असतात, म्हणून शेवटचे मागणे त्यांच्याकडेच आहे. सुट्टी संपून तुम्ही टेबलावर परत याल. पहिली जी यादी कराल, जे पत्रक लिहाल, ज्या अर्जावर शेरा माराल, ते पुढे पाठवण्याआधी एकदा त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचा, आणि गरज वाटली तर पुन्हा लिहा.